पुरचुंडीची गाठ

प्रिय बारके,

आईला आत नेलंय. दारावरचा लाल दिवा लागलेला बघितला आणि मग मी बाकावर येऊन बसले. दुपारपर्यंत होईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, म्हणजे दुपार टळेल असं धरून चाल. हृदयाची झडप बदलणं म्हणजे नळाचा वायसर बदलण्यातला प्रकार, असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलाय. स्वतःची बोटं मात्र सकाळपासून एकमेकांत अडकवून बसलाय, ती काही सोडवत नाही. त्यानेच खालच्या दुकानातून हे रेघांचे कागद आणून दिले. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही, यावरून त्याची अवस्था ओळख. एरवी मी जांभई दिली तरी तो कारण विचारतो.

तुझे फोन येऊन गेलेले दिसले. मी उचलत नाहीये, राग मानू नकोस. काही कळलं की मामा कळवेल, तसली कामं त्याला आवडतातही. तू उद्या पोचशील तेव्हा हे सगळं एकतर पार पडलेलं असेल, नाहीतर... ते पुढचं मला लिहायचं नाही. मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि दिवा विझायच्या आत संपवायचंय. म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस. कागदाखाली आईची पर्स आहे, तिची चेन टोचते, आणि पर्सच्या बाजूला माझ्या मांडीवर तिची वाळक्या पाल्याची पुरचुंडी आहे. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी मघाशी विचारलं, पोरी, कसला गं एवढा छान वास येतोय? या बोळात फिनेल आणि स्पिरिटशिवाय नाकाला काही लागत नाही, त्यामुळे बिचारे इकडेतिकडे बघत होते. मी म्हटलं, आमच्या घराचा.

ही पुरचुंडी मी भरली. आई पलंगावर उशांना टेकून हुकूम सोडत होती. अलीकडे तिला चार शब्द बोलले तरी धाप लागते, पण त्या चारांतले निम्मे ती माझ्या चुका काढण्यावर खर्च करायची. पुदिना काड्यांसकट घेतलास. लवंग कुटू नकोस गं, नुसती दाब. संत्र्याची साल वाकतेय अजून, वाकते म्हणजे ओली आहे, ठेव परत वर. तुला आठवत असेलच, माळ्यावर जुन्या चादरी अंथरून त्यांच्यावर पाला पसरलेला असायचा आणि कडेकडेने चालायला लागायचं. पायाला बडीशेप चिकटायची, आणि तू ती काढून खायचीस. ते सगळं अजून तसंच आहे. पाला उन्हात वाळवायचा नाही, सावलीत वाळवायचा, रोज उलटायचा, मुठीत धरला की चुरचुर वाजला पाहिजे. मग हातानेच चुरायचा, कारण पूड केली की ती कापडातून गळते आणि आजारी माणूस शिंका देऊन देऊन आणखी आजारी पडतो. कापड जुनं हवं, खळ पार निघून गेलेलं. पिशवी गच्च भरायची नाही, बोटांनी मळता आली पाहिजे, कारण झोप लागेना की माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं. यात औषध किती आणि धीर किती हा वाद तुझा आणि आईचा. मी त्यात कधी पडले नाही. चोंदलेलं नाक निलगिरीने मोकळं होतं आणि बिघडलेली झडप निलगिरीने सुधारत नाही, एवढं आईलाही पक्कं ठाऊक होतं. दवाखान्यात जा असं ती प्रत्येकाला सांगायचीच. फक्त जाताना पुरचुंडी न्यायची, असा तिचा हट्ट.

आणि तो हट्ट पाल्याचा नव्हता, गाठीचा होता. तुला हे पाठ आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. घरातल्या आजाऱ्यासाठी कुणी पुरचुंडी मागायला आलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला. त्यांचं सध्या कुणाशी वाकडं आहे? लोक गडबडायचे. छे हो, कुणाशीच नाही, अगदी देवमाणूस आहे, असं म्हणायचे. आई म्हणायची, मग एवढ्यात काही होत नाही त्यांना, तशीच घेऊन जा. पिशवी आई भरायची, पण तोंडाची शेवटची गाठ मारायची ती ज्याचं आजारी माणसाशी वाकडं असेल त्याने. त्याच्याआधी मनातलं सगळं एका तिसऱ्या माणसापुढे बोलून टाकायचं, आजाऱ्यापुढे नाही. तिसऱ्याने नुसतं ऐकायचं, हूं की चूं करायचं नाही. आईला हे तिच्या आईकडून मिळालं, आजीला कुणाकडून ते तीच जाणे. ती कुलूपवाल्याची सून आठवते तुला? सासरा अंथरुणाला खिळलेला आणि ही त्याच्याशी बोलत नव्हती, कारण त्याने चार पाहुण्यांसमोर हिच्या माहेरच्या भांड्यांना पत्रा म्हटलं होतं. आतल्या खोलीत आई गप्प बसलेली, ती बाई बोलतेय बोलतेय, आणि पडद्यामागे आपण दोघी. पत्रा या शब्दाला तुला हसू फुटलं आणि मी तुझ्या दंडाला चिमटा काढला. मग ती बाई रडायला लागली तेव्हा तूच माझा हात धरलास. शेवटी नाक पुसून ती म्हणाली, एवढं बोलले तरी मला ते अजून आवडत नाहीत. आई म्हणाली, नको आवडू देत, तू गाठ मार. मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं की आईला कुणाचा राग घालवायचा नसतो, नुसता बाहेर काढायचा असतो.

आता आईचं सांगते. झडप बदलल्याशिवाय गत्यंतर नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा आईने शहाण्यासारखी मान डोलावली. मी मनात म्हटलं, सुटलो. मग तिने विचारलं, पुरचुंडीला गाठ पडली की येऊ ना? डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल, एका संध्याकाळचं काम. दिलेली तारीख गेली. दुसरी दिली, तीही गेली. तोवर आईचे घोटे सुजून चपलेत मावेनासे झाले होते आणि ती बसूनच झोपायला लागली होती. आडवी पडली की पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणायची. डॉक्टरीणबाई चिडल्या. आजी, तुमची झडप तुमच्या गाठीसाठी थांबून राहणार नाही, म्हणाल्या. आई म्हणाली, बघू या कोण आधी दमतं ते. मला बाहेर बोलावून त्यांनी स्पष्टच सांगितलं की यापुढे उशीर केलात तर तिला उचलून आणायची वेळ येईल, आणि मग त्यांच्याही हातात फारसं काही राहणार नाही. मी परत आत गेले तर ही चादरीच्या कडेला निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसलेली. असा संताप आला मला. पण मी तिची उशी नीट केली आणि पाणी दिलं.

गाठ कुणी मारायची याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मामाच्याही नव्हती. तू. तू घर सोडताना उंबऱ्यात उभी राहून जे बोललीस ते गल्लीने ऐकलंय. वाळका पाला विकून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतेस, मी खरी औषधं तपासायला चाललेय, वगैरे. त्यानंतर तू आलीस-गेलीस, फोनवर बोललीस, पण पुरचुंडीचा विषय दोघींनी काढला नाही. म्हणून तुला फोन केला. उद्याच्या आधी पोचणं शक्यच नाही म्हणालीस, आणि मग ओरडलीस, अगं मारून टाक ना तूच एक गाठ, कोण बघायला बसलंय? सांग, बारकी येऊन मारून गेली, तू झोपली होतीस. ते तू काळजीने बोललीस हे मला समजतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

मी आईला सांगितलं, बारकी निघतेय, तिने गाठ मारेपर्यंत थांबायला आता वेळ नाही, फोनवरून तिचं बोलणं ऐकून मीच तिच्या वतीने मारते. पळवाट बरी काढली होती की नाही? आई हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता ओठ निळे झाले, मी घाबरून तिला पुढे वाकवलं. दम परत आल्यावर म्हणाली, तिला कशाला मध्ये आणतेस? तिचं आणि माझं भांडण ती दारातून बाहेर पडली तेव्हाच संपलं. ती तोंडावर बोलली, मी कानाने ऐकलं, झालं. गाठ तू मारायचीस. बारके, मी तेव्हा गुलाबाच्या पाकळ्या निवडत होते. हात थांबला नाही माझा. मी म्हटलं, माझं काय वाकडं आहे तुझ्याशी? मी तर इथेच आहे. ती म्हणाली, तेच तर. इतकी वर्षं इथे आहेस आणि एकदाही भांडली नाहीस.

मध्ये थांबले होते. आतून एक पोरगेलासा डॉक्टर धावत बाहेर आला, बोळाच्या टोकाला गेला आणि हातात डबा घेऊन तसाच धावत परत आला. आमच्याकडे बघितलंही नाही. दार त्याच्यामागे दोनदा हललं आणि बंद झालं. मामा उठून उभा राहिला, पुन्हा बसला. मी त्याला म्हटलं, त्यांचं रोजचंच असेल हे. तो म्हणाला, हो हो, रोजचंच. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता बोललो. आता लिहिते ते मी आजवर कुणाशी बोललेले नाही, तुझ्याशीही नाही, तेव्हा जरा आडवंतिडवं होईल.

तू हॉस्टेलवर गेलीस त्या वर्षी मला त्या मोठ्या वनस्पती उद्यानात जागा मिळाली होती. तुला एवढंच माहीत आहे की मला जायला जमलं नाही. जागा बियांच्या खोलीत होती. बिया निवडायच्या, त्यांच्यावर नावं घालायची, रुजवून बघायच्या, आणि राहायला उद्यानातच एक खोली. मी ती खोली बघून आले होते. एक खाट, एक टेबल, खिडकीतून काचेचं घर दिसायचं आणि त्यात माझ्या उंचीची नेची. मी त्या टेबलावर नुसता हात ठेवून बघितला होता. हसू नकोस, पण मला ते टेबल माझं वाटायला लागलं होतं. आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, जा. माझ्या न्यायच्या चादरी तिने स्वतः धुतल्या, माझ्यासाठी ट्रंक रिकामी केली. आणि निघायच्या तोंडावर तिची कंबर धरली. धरली म्हणजे अशी की कुशीवर वळता येईना. मी तिला भरवलं, पुसलं, उचलून बसवलं. उद्यानात कळवलं की थोडी उशिरा रुजू होते. ते थांबले, आणखी थांबले, आणि मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचं काही चुकलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी बाजारातून लवकर परत आले. आई माळ्याच्या शिडीवर होती. डोक्यावर पाल्याचं गाठोडं, एक हात शिडीला, आणि चढत होती, भराभर, गुणगुणत. मला बघून ती थांबली. मी खाली, ती वर, मध्ये शिडी. मग ती म्हणाली, आज जरा बरं वाटतंय. मी हं म्हटलं, तिच्या डोक्यावरचं गाठोडं घेतलं आणि माळ्यावर जाऊन पसरलं. बस, एवढंच झालं. कदाचित तिला खरंच त्याच दिवशी बरं वाटलं असेल. कंबर अशी धरते आणि अशी सुटते हे काय मला माहीत नाही? पण या कदाचितला मी इतकी वर्षं चघळत बसलेय. कधी वाटतं, विचारावं. मग वाटतं, तिने खरं सांगितलं तर मी काय करणार, आणि खोटं सांगितलं तर काय करणार? बाबा गेलेले, तू गेलेली, त्या एवढ्या घरात ती एकटी कशी राहिली असती हे मला कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच जास्त राग येतो, कारण मग रागावायलाही जागा उरत नाही. तिने मला नुसतं म्हणायचं होतं, जाऊ नकोस, मला भीती वाटते. मी कदाचित राहिलेही असते. मग ते राहणं माझं असतं.

मला तिचा राग येतो, बारके. हे वाक्य लिहून बघितलं. लोक म्हणतात, थोरली म्हणजे समजूतदार, आईची सावली. सावली कसली? मी तिला चहा देते तो जरा निवल्यावर देते, कारण तिला वाफाळता आवडतो. तिने पुदिना जास्त घाल म्हटलं की मी बडीशेप जास्त घालते. गिऱ्हाइकांसमोर ती माझ्या हाताचं कौतुक करते, हिच्या हाताला गुण आहे म्हणते, तेव्हा मी मुद्दाम उठून आत जाते. तिने एखादी गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली की मी म्हणते, हो, मघाशी सांगितलंस, आणि असं म्हणते की तिचा चेहरा उतरावा. उतरतो. एकीकडे तिचे पाय चेपते, गोळ्या वेळेवर देते, डबे धुते, आणि दुसरीकडे हे. तू वर्षातून दोनदा येतेस, तिच्याशी कडाकडा भांडतेस आणि जाताना तिच्या गळ्यात पडून रडतेस, तेव्हा मला तुझाही राग येतो, हेही आताच सांगून टाकते. मला तुझ्यासारखं भांडता आलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

नर्सबाई बाहेर आल्या होत्या. आणखी रक्त लागेल म्हणाल्या. मामाचं जुळतं, त्याला घेऊन गेल्या. जाताना त्याने मला त्याचं घड्याळ काढून दिलं, का ते त्यालाच ठाऊक. मी विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्या म्हणाल्या, थोडा वेळ जास्त लागतोय. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, तसा चेहरा ठेवायला त्यांना शिकवत असणार. समोरच्या आजोबांनी मला पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली आणि तशीच धरून बसले, प्यायचं सुचलंच नाही. आता बाकावर मी एकटीच आहे.

आज सकाळी ढकलगाडी खोलीत आली तेव्हा आईच्या डोक्याला ती हिरवी टोपी घातलेली होती. तिचे कान केवढे मोठे आहेत ते मला कधी दिसलंच नव्हतं. पुरचुंडी तिच्या मुठीत होती, भरलेली, पण तोंड मोकळं. आदल्या दिवशी ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तिने एकच अट घातली होती, की न्यायच्या आधी मी गाठ मारीन, आणि मी हो म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंचा त्यावर विश्वास बसला, मामाचा बसला. तिने पुरचुंडी पुढे केली आणि विचारलं, बोललीस का कुणाशी? मी म्हटलं, हो, काल मामाशी बोलले. धडधडीत खोटं. मामा तिथेच उभा होता, त्याने छताकडे बघितलं. मी मेण लावलेली दोरी घेतली, दोन वेढे दिले आणि गाठ मारली. सुरगाठ मारली, बारके. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला वास घ्यायला ठेवतो त्या नमुन्याच्या पिशवीला मारतो ना, टोक ओढलं की सुटणारी, ती. आजाऱ्याच्या पुरचुंडीला निरगाठ लागते, हे आपल्या घरातल्या मांजरालाही माहीत असेल. मी मुद्दाम केलं का? नाही. नाही असंही म्हणवत नाही. बोटांनी केलं आणि मी त्यांना अडवलं नाही. आईने पुरचुंडी घेतली आणि सवयीने गाठीवरून अंगठा फिरवला. तो अंगठा एकदा पुढे गेला, मागे आला आणि थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठून बसणार, चला घरी म्हणणार, आणि हिला आत न्यायची शेवटची संधी माझ्या हातून गेली. तिने नर्सबाईंना म्हटलं, चला.

दारापर्यंत पुरचुंडी न्यायला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, तिथून ती परत माझ्याकडे यायची असं ठरलं होतं. तशी नर्सबाईंनी ती आणून दिली. गाठ सुटलेली होती. दोरी वेगळी काढून, सरळ करून, त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, आजींनी स्वतःच ओढून सोडली हो, आणि सांगितलंय, माझ्या थोरलीला म्हणावं, मी जाते, तू सावकाश मार. बारके, जिने या गाठीपायी दोन तारखा घालवल्या, ती आज गाठीशिवाय आत गेलीय. कंबर धरली नाही, थांब म्हणाली नाही, माझ्याकडून काही न घेता एकटी गेली. मग मी मामाकडे कागद मागितले. हे पत्र त्यासाठी आहे. मला तिसरं माणूस हवं होतं, आणि मला तू सोडून कोण आहे? फोनवर हे झालं नसतं. तू दुसऱ्याच वाक्याला मध्ये बोलली असतीस, माझी बाजू घेतली असतीस, आणि मग मला आईची घ्यावी लागली असती. कागदावर तू गप्प आहेस, आयुष्यात पहिल्यांदा. राग गेला का ते मला सांगता येणार नाही, गेला असं वाटत तरी नाही. पण जे होतं ते सगळं वर लिहिलंय, मागे काही ठेवलेलं नाही, आणि ती बाहेर यावी, परत माझ्या चुका काढाव्यात, एवढं मला हवंय, हेही त्यातच धर. मामा दंडाला पट्टी लावून परत आलाय. दिवा अजून लालच आहे. आता थांबते, निरगाठ मारायला दोन्ही हात लागतात.

तुझीच,
ताई